मिरचीचा हंगाम प्रकल्प अहवालात कधी येणार?

प्रति,
सर्व जिल्हा उद्योग केंद्रांचे महाव्यवस्थापक,
उद्योजकता प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचे प्रमुख,
आणि लहान उद्योगांना कर्ज देणाऱ्या बँकांचे शाखाधिकारी,
महाराष्ट्र राज्य.

विषय : लहान उद्योगाच्या प्रकल्प अहवालात बारा महिन्यांच्या रोखीचा हिशेब, उद्योजकाच्या स्वतःच्या हातचा, सक्तीचा करण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी गडहिंग्लज तालुक्यात मसाल्याचा उद्योग चालवते. दोन डंक (मसाला कांडायची यंत्रं), एक भाजणी यंत्र, पत्र्याचं शेड आणि हंगामात सात बायका कामाला. कांदा-लसूण मसाला हा मुख्य माल. आमच्याकडे त्याला चटणीच म्हणतात. वर्षाची चटणी करणं हे आमच्या भागात घरोघरचं उन्हाळ्याचं काम आहे, आणि त्याच कामातून माझा धंदा उभा राहिला.

हे पत्र लिहायला निमित्त झालं ते गेल्या महिन्याचं. शेजारच्या गावातली एक मुलगी लाकडी घाण्याचं शेंगतेल काढायचं म्हणून कर्जाची फाईल घेऊन माझ्याकडे आली. वय २६. हुशार आहे, मेहनती आहे. फाईल सुबक होती. पाच वर्षांचा नफा-तोटा, ताळेबंद, रंगीत आलेख. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. मी तिला एवढंच विचारलं, "शेंगा कधी विकत घेणार?" ती म्हणाली, "लागतील तशा." अहवालातही तसंच होतं: कच्च्या मालाचा साठा १५ दिवसांचा.

आमच्या भागात नवी शेंग बाजारात येते ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला. तेव्हा ती मुबलक असते आणि भाव बसलेला असतो. पुढे मार्चनंतर चांगला दाणा शोधावा लागतो. लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्याला तर दाणा चांगलाच हवा, कारण गिऱ्हाईक जास्त पैसे चवीसाठी आणि वासासाठीच देतं. म्हणजे तिला वर्षाचा बराचसा माल दोन महिन्यांत भरून ठेवावा लागणार. त्यासाठीचे पैसे त्या सुंदर फाईलीत कुठेही नव्हते. घाणा होता, मोटार होती, बाटल्या भरायचं यंत्र होतं. शेंगांचे पैसे नव्हते.

मला माझीच फाईल आठवली.

२०१८ साली मी यंत्रांसाठी ६ लाखांचं कर्ज घेतलं. अहवाल एका सल्लागाराने ३ हजार रुपये घेऊन दोन दिवसांत तयार करून दिला. त्यातही ६०, ७०, ८० टक्के होतेच. त्याच्या नवव्या पानावर कच्च्या मालाच्या यादीत उडीद डाळ आणि पापडखार लिहिलेलं होतं. कुणाच्या तरी पापड उद्योगाचा अहवाल माझं नाव घालून छापला होता. तो माझ्या हातातून गेला, सल्लागाराच्या हातातून गेला, बँकेत गेला, मंजूर झाला. उडीद डाळ कुणाला दिसली नाही. मला ती दिसली दीड वर्षाने, हप्ते थकल्यावर काय लिहिलं होतं ते बघायला म्हणून कपाटातून फाईल काढली तेव्हा. त्याआधी मी सगळ्या पानांवर सह्या केल्या होत्या, वाचलं एकही नव्हतं. यात माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते. पण मला कुणी वाचायला सांगितलंही नव्हतं. "हे बँकेला लागतं" एवढंच सांगितलं होतं.

कर्ज ऑगस्टमध्ये मिळालं. यंत्रं ऑक्टोबरमध्ये बसली. डिसेंबरपासून दरमहा सुमारे १३ हजारांचा हप्ता सुरू झाला. आणि नवी मिरची? ती जानेवारीच्या शेवटी यायला लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार भरतो. डिसेंबरात मिळते ती गेल्या सालची, पावसाळा खाल्लेली, रंग उतरलेली. त्या मिरचीची चटणी मी माझ्या घरी केली नसती, ती दुसऱ्याला कशी विकू? दोन महिने यंत्रं जवळजवळ रिकामी होती आणि हप्ता चालू होता. फेब्रुवारीत गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग लागले, तेव्हा माझ्या हातात ४० हजार रुपये होते. पाटल्या गहाण ठेवल्या. सासूबाईंनी स्वतःची बोरमाळ काढून दिली आणि एक शब्द विचारला नाही. त्या वर्षी मला जेवढी मिरची भरायला हवी होती त्याच्या निम्मीही भरता आली नाही, आणि जुलैपासून मला चढ्या भावाने माल आणावा लागला.

त्या वर्षी मी आळशी नव्हते, माल वाईट नव्हता, मागणी होती. चुकलं ते एवढंच, की पैसे कुठल्या महिन्यात जाणार आणि कुठल्या महिन्यात येणार हे कुणी कागदावर मांडलं नव्हतं.

आता जे लिहिते ते मला नंतर, धंदा करता करता आणि माणसांना विचारून विचारून कळलं. आपणांपैकी अनेकांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते आमच्यापर्यंत पोचत नाही.

खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे माल भरायला आणि रोजचा खर्च भागवायला लागणाऱ्या पैशासाठी, बँका एक सूत्र वापरतात. रिझर्व्ह बँकेने १९९१ साली नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशींमधून ते आलं. वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के इतकं खेळतं भांडवल लागेल असं धरायचं. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के उद्योजकाने घालायचे. लहान उद्योगाला कागदपत्रांच्या जंजाळात न अडकवता सोपं जावं हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण २५ टक्के म्हणजे वर्षाचा पाव भाग. म्हणजे पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो, वर्षातून चार फेरे होतात, हे त्यात गृहीत आहे. कपडे शिवणाऱ्याचे होत असतील, बेकरीवाल्याचे तर त्याहून जास्त होतात. मिरची वर्षातून एकदा येते.

माझ्या आजच्या धंद्याचे आकडे मांडते. वर्षाला ६ हजार किलो मसाला, सरासरी ४०० रुपये किलोने, म्हणजे २४ लाखांची विक्री. सूत्राप्रमाणे गरज ६ लाख. त्यात बँकेचे ४ लाख ८० हजार आणि माझे १ लाख २० हजार. आता प्रत्यक्ष बघा. १०० किलो मिरची आणली की देठ, माती, पांढरी पडलेली मिरची आणि उन्हात उडालेला ओलावा जाऊन माझ्या हाती ८६ किलो पूड येते. मसाल्यात निम्मी मिरची धरली तर ३ हजार किलो पुडीला साधारण ३,५०० किलो मिरची लागते. सरासरी २२० रुपये भावाने ७ लाख ७० हजार. धणे त्याच दिवसांत भरायचे, खोबरं, तीळ, खसखस, खडा मसाला. त्याचे आणखी २ लाख. तीन महिन्यांत ९ लाख ७० हजारांची खरेदी. त्या काळात विक्री होते, पण आलेल्या पैशातून मजुरी, पॅकिंग, हप्ता, घरखर्च वजा जाऊन खरेदीला फार तर पावणेदोन लाख उरतात. म्हणजे एप्रिलअखेर माझे ८ लाख रुपये पोत्यांत बांधलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोच आकडा दोन-अडीच लाखांवर आलेला असतो. वर्षाची सरासरी काढली तर सूत्र बरोबर वाटतं. पण मिरची सरासरीच्या महिन्यात विकत घेता येत नाही.

याला उपाय नाही असं नाही. साखर कारखान्यासारख्या हंगामी उद्योगाला बँका हंगामातली कर्जाची मर्यादा वेगळी आणि हंगामाबाहेरची वेगळी ठरवून देतात. आमच्या जिल्ह्यात तर हे प्रत्येक बँक अधिकाऱ्याला ठाऊक असतं. जे कारखान्याला समजून घेतलं जातं ते डंकवालीला, घाणेवाल्याला, आंबापोळी-कोकमवाल्याला, बेदाणेवाल्याला का समजून घेतलं जाऊ नये? रक्कम लहान आहे म्हणून हंगाम लहान होत नाही.

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांत प्रकल्प खर्चामध्ये खेळत्या भांडवलाचा एक फेरा धरायची सोय आहे. "एक फेरा" हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. पण तो फेरा किती महिन्यांचा, हे अर्जदाराला विचारणारं कुणी हवं. सल्लागार १५ दिवस किंवा महिना लिहून मोकळा होतो, कारण त्यामुळे प्रकल्पाची रक्कम आटोपशीर दिसते आणि यंत्राचं कोटेशन मोठं करता येतं. यंत्र विकणाऱ्याचाही त्यात फायदा असतो. मिरचीवाल्याचा मात्र नसतो.

आणि सबसिडीचं बोलायलाच हवं. तुमच्या मेळाव्यात पहिला प्रश्न येतो तो "सबसिडी किती?" ग्रामीण भागातल्या स्त्रीला वरच्या योजनेत ३५ टक्क्यांपर्यंत मिळते, आणि ते चांगलं आहे. पण ती रक्कम हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत कर्जदाराच्या नावाने ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या केंद्राच्या योजनेतही मुदत तीन वर्षांचीच आहे. माझ्या ओळखीच्या दोन बचत गटांनी सबसिडीच्या पैशातून माल भरायचा असं धरून सगळा बेत केला होता. त्यांना हे कुणी मुद्दाम फसवून सांगितलं नव्हतं. व्यासपीठावरून टक्केवारी सांगितली गेली, कधी आणि कशी हे सांगायचं राहून गेलं.

आता भावाबद्दल. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला वाटतं आमच्यातले निम्मे धंदे इथे बुडतात आणि बुडताना मालकाला वाटत असतं की आपलं बरं चाललंय.

एका किलो मसाल्याचा माझा हिशेब असा. मिरची १२८ रुपये. खोबरं, धणे, तीळ, खसखस, कांदा, लसूण, तेल, मीठ, खडा मसाला मिळून १०५. निवडणं, भाजणं, कांडणं, भरणं याची मजुरी ३४. वीज आणि गॅस ९. पिशवी, लेबल, खोका १६. वाहतूक १२. झाले ३०४. मिळतात ४००. किलोमागे राहिले ९६. बहुतेक जण इथे थांबतात आणि ९६ रुपये नफा म्हणतात.

पण दर महिन्याला माल विको न विको, काही पैसे जातातच. हप्ता १३ हजार, भाडं ६ हजार, दुरुस्ती-फोन-परवाने ३ हजार, आणि माझा पगार १५ हजार. ३७ हजार झाले. ३७ हजारांना ९६ ने भागलं की ३८५ किलो येतात. महिन्याला ३८५ किलो विकले की मी जिथल्या तिथे. त्यापुढचा प्रत्येक किलो कमाईचा. मी ५०० विकते, म्हणून धंदा चालतो.

माझा पगार मी पहिली चार वर्षं धरला नव्हता. घरच्या बाईचं काम मोजायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि प्रकल्प अहवालातही ती ओळ नसते. तो न धरता हिशेब केला तर २३० किलोतच भागतं असं दिसतं, आणि मग माणूस भाव पाडायला तयार होतो. शहरातला दुकानदार म्हणतो, "ताई, ३७० ला द्या, माल भरपूर उचलतो." ३० रुपयांनी काय होतं, असं वाटतं. होतं असं, की ९६ चे ६६ राहतात आणि जिथल्या तिथे राहायलाच ५६० किलो विकावे लागतात. माझे डंक चांगल्या महिन्यात त्याहून जास्त काढू शकतात, पण पावसाळ्यात नाही. म्हणजे वर्षाच्या शेवटी मी जास्त राबून तोट्यात. हा भागाकार चौथीतल्या मुलाला येतो. मला तो करायला कुणी सांगितलं नाही, कारण पाच वर्षांच्या ताळेबंदात तो करावा लागतच नाही.

भाव कोसळतात, चढतात, त्याचंही तेच. २०२२-२३ मध्ये लाल मिरची कडाडली होती. मिरची किलोमागे १०० रुपयांनी वाढली की माझ्या मसाल्याचा खर्च ५८ रुपयांनी वाढतो आणि ९६ चे ३८ होतात. मग उलटं चक्र आलं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजारात भाव इतके पडले की शेतकऱ्यांचा संताप जाळपोळीपर्यंत गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या मिरचीसाठी केंद्र सरकारला बाजार हस्तक्षेप योजना लावावी लागली. ज्यांनी चढ्या भावाचा माल भरून ठेवला होता त्यांचंही त्यात नुकसान झालं. असं असताना अहवालात पाचही वर्षं मिरचीचा भाव एकच कसा राहतो? निदान दोन भाव घेऊन दोनदा हिशेब मांडायला लावा. भाव १०० रुपयांनी चढला तर मी काय करेन, हे अर्जदाराला चार ओळींत लिहू दे. मी काय करते ते सांगते: लहान पाकिटाचं वजन कमी करत नाही, भाव वाढवते आणि गिऱ्हाइकांना मार्चमध्येच कळवते. काही जण तुटतात, बहुतेक राहतात.

उधारीचं सांगते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३ साली आयकर कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत पैसे न दिलेल्या खरेदीचा खर्च पैसे प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी वजावटीला मिळतो. मोठ्या कंपन्यांना पुरवठा करणाऱ्यांना याचा आधार मिळाला आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, आधीपासून हवी, हे प्रशिक्षणात ठासून सांगायला हवं. पण माझं गिऱ्हाईक म्हणजे किराणा दुकानदार. त्याच्याविरुद्ध मी या कायद्याखालच्या सुविधा परिषदेत अर्ज केला तर पैसे कदाचित मिळतील, दुकान मात्र कायमचं जाईल. तेव्हा आमच्यासाठी बेत आधी करायला लागतो: कुणाला किती रुपयांपर्यंत उधार, किती दिवस, आणि ती मर्यादा भरली की माल थांबवायचा. माझ्याकडे प्रत्येक दुकानाची उधारीची वही आहे आणि पहिल्या पानावर लाल शाईने आकडा आहे. कुणाचा १० हजार, कुणाचा ३. तो आकडा ओलांडून मी सख्ख्या नातेवाइकालाही माल देत नाही. हे शिकायला मला ८२ हजार रुपये लागले. तितके एका दुकानात बुडाले.

आणि पैसा कधी येतो हे गावोगावी वेगळं असतं. आमच्याकडे घरात पैसा खेळतो तो ऊसबिल आल्यावर. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ज्या वर्षी कारखान्याकडून बिल वेळेवर येतं, त्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या दारात रांग असते. बिल लांबलं की चटणी लांबते. बायका निम्म्याच किलोची करतात. दुसरा पैसा दिवाळीला भिशी फुटली की. मराठवाड्यात हे कापूस-सोयाबीनवर असेल, कोकणात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांवर. मुंबईत बसून केलेल्या नमुना अहवालात हे येणं शक्यच नाही. हे ज्याचं त्यानेच लिहायला हवं.

म्हणून मी आता काय करते ते सांगते. दरवर्षी डिसेंबरात एक लांब रजिस्टर उघडते. आडवे बारा रकाने, जानेवारी ते डिसेंबर. वर लिहिते या महिन्यात हातात किती रोख येणार. विक्री किती झाली ते नाही, पैसे किती येणार ते. खाली लिहिते किती जाणार: मिरची, मजुरी, हप्ता, विजेचं बिल, पोरांची फी, घरातलं लग्नकार्य. हो, लग्नकार्यसुद्धा, कारण आमचा गल्ला आणि घर एकच असतं आणि ते वेगळं असल्याचं दाखवून उपयोग नाही. प्रत्येक रकान्याच्या तळाला शिल्लक. जिथे शिल्लक उणे येते तो महिना लाल. लाल महिना डिसेंबरात दिसला तर त्यावर इलाज करायला हातात वेळ असतो.

पहिल्यांदा असं मांडलं २०२० च्या जानेवारीत, तेव्हा फेब्रुवारी, मार्च, एप्रिल तिन्ही लाल आले. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग रजिस्टर बघता बघता सुचलं की याच तीन महिन्यांत गावातल्या बायका स्वतःची मिरची घेऊन कांडपाला वणवण करतात. तोवर मी मजुरीचं कांडप घेत नव्हते, आपला ब्रँड सोडून दुसऱ्याचं कशाला म्हणून. त्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे फारसं जमलं नाही, पण पुढच्या वर्षी पहाटे पाच ते नऊ एक डंक फक्त गिऱ्हाइकांच्या मिरचीसाठी ठेवला. किलोला ४० रुपये, रोख, उधार नाही. तीन महिन्यांत ४ हजार किलो कांडलं, १ लाख ६० हजार आले, तेही मिरची भरायच्या ऐन दिवसांत. शिवाय ज्यांची मिरची कांडली त्यांतल्या कितीतरी बायका पावसाळ्यात चटणी संपल्यावर माझंच पाकीट नेऊ लागल्या. हे सुचलं ते त्या लाल रकान्यांमुळे. २२ पानांच्या अहवालातून सुचलं नसतं.

आमचा भाग सीमेवरचा आहे, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. संकेश्वर आमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत. आमचे सोयरे तिकडे, बाजार तिकडे. पण ते कर्नाटकात. वस्तूंसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे म्हणून निर्धास्त असलेला माणूस संकेश्वरच्या दुकानात माल घालतो, तेव्हा दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्याला विक्री कितीही असली तरी नोंदणी लागते हे त्याला माहीत नसतं. कंपोझिशन (विक्रीवर ठराविक दराने कर भरायची सोपी योजना) घेतलेल्याला तर दुसऱ्या राज्यात माल विकताच येत नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, नांदेड, चंद्रपूर, सिंधुदुर्ग, सगळ्या सीमाभागातल्या प्रशिक्षणात हे पहिल्या दिवशी यायला हवं.

आता माझं मागणं. जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ साली सुरू झाली ती उद्योजकाला सगळं एका छताखाली मिळावं म्हणून. त्या छताखाली मला एक पान हवं आहे. प्रकल्प अहवाल असू द्या, बँकेला तो लागतोच. पण त्याच्यासोबत बारा रकान्यांचं एक पान जोडा, जे अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात भरलेलं असेल. अक्षर ओबडधोबड असू दे, आकडे पेन्सिलने खोडलेले असू देत. ते सल्लागाराकडून टाईप होऊन आलं तर परत पाठवा. लिहिता न येणारीला तोंडी विचारा आणि तिच्यासमोर कुणीतरी लिहा. मुलाखतीत बाकी काही न विचारता त्या पानावर दहा मिनिटं बोला: तुमचा कच्चा माल कुठल्या महिन्यात येतो, पैसे कुठल्या महिन्यात येतात, लाल महिन्यात काय करणार. खोटा अहवाल या दहा मिनिटांत उघडा पडेल आणि खरा माणूस दहा मिनिटांत कळेल.

बँकांना विनंती अशी, की हप्ता त्या पानाकडे बघून ठरवा. मिरचीवालीचा पहिला हप्ता डिसेंबरात लावू नका, मे महिन्यात लावा. हवं तर उन्हाळ्यात मोठा आणि पावसाळ्यात लहान ठेवा. पीककर्जाची परतफेड पीक निघाल्यावर असते हे तुम्ही वर्षानुवर्षं करत आला आहात. यंत्राचं कर्ज आणि माल भरायची मर्यादा एकाच दिवशी मंजूर करा. यंत्र आधी आणि "खेळत्या भांडवलाचं नंतर बघू" यात आमच्या घरातलं सोनं जातं.

प्रशिक्षण संस्थांना मी एवढंच म्हणेन, की यशस्वी उद्योजकाचं भाषण ठेवता त्याऐवजी किंवा त्याच्यासोबत, जिचा एक धंदा बसला होता अशी बाई एक दिवस बोलवा आणि तिला तिच्या वह्या घेऊन यायला सांगा. कर्ज मिळून सहा महिने झाले की प्रशिक्षणार्थींना अर्ध्या दिवसासाठी परत बोलवा, तेच पान पुढे ठेवा आणि ठरवलं काय, झालं काय ते शेजारी शेजारी लिहायला लावा. मला माझी उडीद डाळ सहाव्या महिन्यात दिसली असती तर पाटल्या वाचल्या असत्या.

घाण्यावाल्या मुलीबरोबर आम्ही दोन संध्याकाळी बसून तिचं पान भरलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर लाल आले. तिने अर्ज मागे घेतला नाही. घाणा एक लहान घेतला, वाचलेली रक्कम शेंगांसाठी मागितली, आणि पेंड कुणाला विकायची तेही लिहिलं, कारण पेंडीचे पैसे रोख येतात हे तिला तिच्या वडिलांच्या गोठ्यावरून माहीत होतं. आता ती फाईल आपणांपैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. वर रंगीत आलेख नाहीत. शेवटचं पान निळ्या शाईचं आहे, तीन रकाने लाल आहेत. ते पान आधी वाचावं ही विनंती.

माझी आजवरची रजिस्टरं दाखवायला मी कुठल्याही केंद्रात यायला तयार आहे. फक्त फेब्रुवारी ते मे सोडून बोलवा.

आपली विश्वासू,
एक मसाला उत्पादक,
तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर